एकच इंजिन, एकच फसवणूक, पण भरपाई प्रत्येक देशात वेगळी: फोक्सवॅगन डिझेल प्रकरण

ग्राहकाची फसवणूक झाली की त्याला भरपाई मिळते, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते खरंच वाटायला लागतं. मला हे प्रकरण नीट मांडायचंय ते यासाठी, की यात फसवणूक एक (सरकारी टेस्टमध्ये डिझेल गाडीचा धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर), फसवणारी कंपनी एक, इंजिन एकाच घराण्यातलं, आणि तरी अमेरिकेतल्या मालकाला गाडी परत देऊन वर हजारो डॉलर मिळाले, जर्मनीतल्या मालकाला पाच वर्षं थांबून काही हजार युरो मिळाले, आणि भारतातल्या मालकाला सर्व्हिस सेंटरमध्ये बोलावून सॉफ्टवेअर बदलून दिलं, बस. फरक कुठे पडला? गाडीत तर नाहीच. फरक पडला तो कायद्यात, म्हणजे दावा एकत्र आणायची सोय होती का, मुदत किती होती, आणि नुकसान मोजायचं कसं, या तीन गोष्टींत.

आधी झालं काय ते बघू. २००८ च्या शेवटापासून २०१५ पर्यंत फोक्सवॅगनने अमेरिकेत साडेपाच लाखांच्या वर डिझेल गाड्या विकल्या, सरासरी किंमत साधारण २८,००० डॉलर, आणि जाहिरात काय तर 'क्लीन डिझेल'. म्हणजे अ‍ॅव्हरेज डिझेलचं, पिकअप झकास, आणि धूर पण स्वच्छ. ज्यांना पर्यावरणाची काळजी होती असे लोक मुद्दाम जास्त पैसे देऊन ही गाडी घ्यायचे, हे लक्षात ठेवा, कारण फसवणुकीचा गाभा तिथेच आहे.

२०१३ च्या सुमारास आयसीसीटी नावाच्या संस्थेने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या डॅन कार्डर यांच्या टीमला एक साधं काम दिलं, की युरोपातल्या डिझेल गाड्या रस्त्यावर धुरातून नायट्रोजन ऑक्साइड हा घातक वायू किती सोडतात ते माहितीय, आता अमेरिकेतल्या मोजा. अमेरिकेचे नियम जास्त कडक, त्यामुळे तिथल्या गाड्या चांगल्या निघतील आणि युरोपला ते दाखवता येईल असा अंदाज होता. तीन गाड्या घेतल्या, डिकीत मोजायचं यंत्र बसवलं आणि रस्त्यावर काढल्या. फोक्सवॅगन जेटा मर्यादेच्या १५ ते ३५ पट धूर सोडत होती, पसाट ५ ते २० पट, आणि तिसरी, बीएमडब्ल्यूची, बहुतेक वेळ नियमात बसत होती. लॅबमध्ये मात्र याच गाड्या व्यवस्थित पास व्हायच्या.

मे २०१४ मध्ये हा अभ्यास बाहेर आला. मग पुढचं वर्ष सव्वा वर्ष कंपनी सरकारी अधिकाऱ्यांना तांत्रिक कारणं सांगत राहिली, डिसेंबर २०१४ मध्ये सॉफ्टवेअर दुरुस्तीच्या नावाखाली एक रिकॉलही काढला, पण कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने, त्याला कार्ब म्हणतात, पुन्हा मोजणी केली आणि धूर तसाच. शेवटी नव्या २०१६ च्या मॉडेलना परवानगीच मिळणार नाही अशी वेळ आली तेव्हा ३ सप्टेंबर २०१५ ला कंपनीने कबूल केलं, आणि १८ सप्टेंबर २०१५ ला ईपीए म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर नोटीस काढली.

गाडीत केलेलं काय होतं तर, स्टिअरिंग किती फिरतंय, वेग काय आहे, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब किती आहे यावरून सॉफ्टवेअर ओळखायचं की आत्ता टेस्ट चालू आहे. चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे गाडी लॅबमधल्या रोलरवर आहे. तेवढ्यापुरती धूर कमी करणारी यंत्रणा पूर्ण चालू. टेस्ट संपली की यंत्रणा ढिली, आणि धूर मर्यादेच्या ४० पटीपर्यंत. याला 'डिफीट डिव्हाइस' म्हणतात. २२ सप्टेंबरला कंपनीने मान्य केलं की जगभरात अशा १ कोटी १० लाख गाड्या आहेत, आणि दुसऱ्या दिवशी मुख्य अधिकारी मार्टिन विंटरकॉर्न यांनी राजीनामा दिला.

आता इथे ग्राहकाच्या बाजूने विचार करा. गाडी चालतेय. बंद पडली नाही, अपघात झाला नाही, अ‍ॅव्हरेज चांगलं आहे. मग तुमचं नुकसान काय झालं? हाच प्रश्न कंपनीचे वकील प्रत्येक देशात विचारत राहिले, आणि ग्राहक-फसवणुकीच्या बहुतेक प्रकरणांत हाच प्रश्न माणसाला गार करतो. फसलोय हे कळतं, पण किती रुपयांनी फसलो ते सांगता येत नाही.

अमेरिकेत काय झालं

अमेरिकेत शेकडो दावे वेगवेगळ्या राज्यांत पडले. तिथे सोय अशी की एकाच विषयाचे दावे एका न्यायाधीशासमोर आणता येतात, म्हणून ते सगळे सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय कोर्टात चार्ल्स ब्रायर यांच्याकडे गेले. गाडीमालकांच्या बाजूने वकिलांची समिती नेमली, तिच्या प्रमुख एलिझाबेथ काब्रेझर, आणि तडजोड घडवून आणायला कोर्टाने रॉबर्ट म्यूलर यांना नेमलं, म्हणजे एफबीआयचे माजी संचालक. २९ मार्च २०१६ ला एफटीसी म्हणजे तिथला व्यापार आयोग पण खोट्या जाहिरातीचा दावा घेऊन आला. ही मला फार महत्त्वाची गोष्ट वाटते. पर्यावरण संस्था धुराचं बघत होती, न्याय खातं गुन्ह्याचं बघत होतं, आणि हा आयोग एकच गोष्ट धरून बसला की 'क्लीन' म्हणून विकलं ना, मग ज्याने विकत घेतलं त्याचे पैसे परत करा.

न्यायाधीशांनी कंपनीला तारीख दिली. नुसतं पुढच्या सुनावणीला या असं नाही, तर २४ मार्च २०१६ पर्यंत रस्त्यावर असलेल्या या गाड्यांचं काय करणार ते ठोस सांगा. ती तारीख एकदा वाढवून एप्रिलपर्यंत नेली, पण त्या दडपणामुळे २८ जून २०१६ ला तडजोड जाहीर झाली, म्हणजे नोटिशीनंतर साडेनऊ महिन्यांत, आणि २५ ऑक्टोबर २०१६ ला कोर्टाने ती मंजूर केली. एकूण आकडा १४.७ अब्ज डॉलर, त्यातले १० अब्जांच्या थोडे वर गाडीमालकांसाठी, २.७ अब्ज हवेच्या नुकसानीसाठी वेगळ्या निधीत आणि २ अब्ज इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगसारख्या कामांसाठी.

मालकाला हातात काय मिळालं ते नीट बघा, कारण नुकसान मोजायची खरी हुशारी इथे आहे. गाडीची किंमत धरली ती सप्टेंबर २०१५ ची, म्हणजे बातमी फुटायच्या आधीची. नाहीतर बातमीनंतर बाजारात गाडीची किंमत पडली आणि त्या पडलेल्या किमतीला कंपनीने गाडी परत घेतली असती, म्हणजे कंपनीच्याच पापाचा फायदा कंपनीला झाला असता. ती किंमत गोठवली. त्या किमतीला गाडी परत द्यायची, आणि वर भरपाई म्हणून त्या किमतीच्या २० टक्के अधिक २,९८६.७३ डॉलर, आणि कितीही जुनी गाडी असली तरी किमान ५,१०० डॉलर. गाडी ठेवायची असेल तर मंजूर दुरुस्ती आल्यावर दुरुस्ती करून घ्या, भरपाई तरीही मिळणार. कर्ज बाकी असेल आणि ते गाडीच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर त्यातलाही फरक एका मर्यादेपर्यंत कंपनी भरणार. बातमीनंतर पण तडजोडीच्या आधी ज्यांनी गाडी विकून टाकली त्यांनाही भरपाईचा हिस्सा.

वकिलांची फी या पैशातून कापली नाही. साधारण १७.५ कोटी डॉलर फी कंपनीने वेगळी भरली. आपल्याकडे लोक म्हणतात ना, केस जिंकलो पण वकिलातच गेलं सगळं, ते इथे टाळलं होतं. शिवाय कंपनीवर अट होती की जून २०१९ पर्यंत ८५ टक्के गाड्या परत घ्या नाहीतर दुरुस्त करा, कमी पडलात तर आणखी पैसे भरा. त्यामुळे पत्र पाठवून गप्प बसणं कंपनीला परवडणारंच नव्हतं, मालकांना शोधून काढणं ही तिचीच गरज झाली. भरपाईची योजना कागदावर छान आणि क्लेम करणारे चार टक्के, असं बऱ्याच प्रकरणांत होतं, ते इथे झालं नाही. ८६ टक्क्यांहून जास्त लोकांनी गाडी परत देणं किंवा लीज संपवणं निवडलं आणि २०२० मध्ये एफटीसीने शेवटचा हिशोब मांडला तेव्हा ग्राहकांकडे साडेनऊ अब्ज डॉलरच्या वर रक्कम गेलेली होती. परत घेतलेल्या गाड्या ठेवायला जागा पुरेना, २०१८ मध्ये जवळपास ३ लाख गाड्या देशभर ३७ ठिकाणी उभ्या होत्या, त्यात डेट्रॉइटजवळचं एक बंद पडलेलं स्टेडियमही होतं.

आता हे सगळं कोर्टाच्या दयेमुळे झालं असं नाही. अमेरिकेची मर्यादा इतकी कडक होती, मैलाला ०.०७ ग्रॅम, की बहुतेक गाड्या नुसत्या सॉफ्टवेअरने त्यात बसवणं जमेना, त्यामुळे गाडी परत घेणं हाच सरळ मार्ग उरला. आणि कंपनीने गुन्हा कबूल केलेला, मार्च २०१७ मध्ये फौजदारी कोर्टातही केला, २.८ अब्ज डॉलर फौजदारी दंड भरला. दोन जण तुरुंगात गेले, इंजिनियर जेम्स लियांग ४० महिने, अधिकारी ओलिव्हर श्मिट ७ वर्षांची शिक्षा. पण दंडाचा एक डॉलरही गाडीमालकाच्या खिशात जात नाही, तो सरकारजमा होतो. लोक बातमीत दंडाचा आकडा वाचून खूश होतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. दंड वेगळा आणि भरपाई वेगळी, भरपाई हवी असेल तर ती कोणीतरी ग्राहकाच्या नावाने मागावी लागते.

जर्मनीत, म्हणजे कंपनीच्या घरी

जर्मनीत २४ लाख गाड्या. ऑक्टोबर २०१५ मध्येच तिथल्या मोटार खात्याने सगळ्या परत बोलवायचा हुकूम दिला, पण परत बोलवणं म्हणजे काय तर नवीन सॉफ्टवेअर टाकणं, काही गाड्यांत प्लॅस्टिकची एक छोटी जाळी बसवणं. ज्यांनी ते करून घेतलं नाही त्यांच्या गाडीची नोंदणी रद्द व्हायची वेळ आली. म्हणजे फसवलं कंपनीने आणि सक्ती मालकावर. भरपाईचं नाव नाही. कंपनीचं म्हणणं की युरोपच्या कायद्यात हे डिफीट डिव्हाइस बसतच नाही, गाडी सुरक्षित आहे, चालते आहे, दुरुस्त केली, नुकसान शून्य.

आणि एकत्र दावा करायची सोयच नव्हती. प्रत्येकाने आपापला वकील करायचा, आपापल्या गावच्या कोर्टात जायचं, आणि हरला तर समोरच्याचा खर्चही भरायचा. तीन वर्षांची मुदत. बहुतेकांना २०१५ मध्ये कळलं, म्हणजे २०१८ संपलं की दावा संपला. कंपनीने नुसतं थांबायचं होतं.

शेवटी मुदत संपायला दोन महिने उरलेले असताना, १ नोव्हेंबर २०१८ ला, जर्मनीत नवा कायदा लागू झाला ज्यात ग्राहक संघटना सगळ्यांच्या वतीने एक नमुना दावा आणू शकते. त्याच दिवशी तिथल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने ब्राउनश्वाइगच्या कोर्टात दावा टाकला, आणि चार लाखांच्या वर लोकांनी त्यात नाव नोंदवलं. नाव नोंदवायला पैसे नाहीत, वकील नाही, आणि नोंदवलं की मुदतीचं घड्याळ थांबतं. हे घड्याळ थांबणं हीच त्या कायद्याची सगळ्यात मोठी देणगी होती असं मला वाटतं. पण कायद्यात एक मोठी खोट होती, या दाव्यात कोर्ट फक्त एवढंच ठरवणार की कंपनी दोषी आहे की नाही, पैसे मिळवायला मग प्रत्येकाने परत वेगळा दावा करायचा. इतकी वर्षं कोणाकडे असतात?

२८ फेब्रुवारी २०२० ला तडजोड झाली, ८३ कोटी युरो, साधारण २ लाख ६० हजार लोकांना, गाडीचं वय आणि मॉडेल बघून १,३५० ते ६,२५७ युरो. गाडी तुमच्याकडेच. ज्यांनी २०१५ नंतर घेतली, जे तेव्हा जर्मनीबाहेर राहत होते, ते बाहेर. अमेरिकेतल्या किमान ५,१०० डॉलरशी हे ताडून बघा, आणि तिथे गाडीची पूर्ण किंमत वेगळी मिळत होती.

मग तीनच महिन्यांनी, २५ मे २०२० ला, जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाचा निकाल आला आणि तो या प्रकरणातला कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात सुंदर भाग आहे. एका माणसाने २०१४ मध्ये फोक्सवॅगनची एक शारान गाडी सेकंड हँड घेतली होती, डीलरकडून, ३१,४९० युरोला. त्याचा कंपनीशी करारच नव्हता. गाडी चालत होती. कोर्टाने म्हटलं की कंपनीने जाणूनबुजून, नफ्यासाठी, सरकारी खात्याला फसवून गाड्या बाजारात आणल्या, हे नीतीला धरून नाही, आणि जो कोणी ती गाडी घेईल, नवी किंवा जुनी, त्याला याची झळ बसते. नुकसान कोणतं? तर तो करारच नुकसान. खरं माहीत असतं तर या माणसाने ही गाडी घेतलीच नसती, म्हणजे त्याच्या गळ्यात नको असलेला व्यवहार पडला, आणि तो गळ्यात पडणं हीच हानी. गाडी बंद पडलेली दाखवायची गरज नाही, किंमत पडलेली दाखवायचीही नाही. 'तुमचं नुकसान काय' या प्रश्नाला मी वाचलेलं हे सगळ्यात सरळ उत्तर आहे.

पण हिशोबात परत मेख. गाडी परत दे, पैसे घे, पण जितके किलोमीटर चालवली तितका वापर कापणार. त्या माणसाला साधारण २५,६०० युरो मिळाले कारण त्याने गाडी कमी चालवली होती. ज्याने रोज कामावर जायला शंभर किलोमीटर चालवली त्याचं काय? केस जितकी लांबेल तितके किलोमीटर वाढणार आणि तितके पैसे घटणार. म्हणजे कंपनीला लांबवायचं बक्षीस. जुलै २०२० मध्ये त्याच कोर्टाने आणखी दोन गोष्टी ठरवल्या, की खरेदीच्या दिवसापासूनचं व्याज मिळणार नाही, आणि सप्टेंबर २०१५ नंतर, म्हणजे सगळं जाहीर झाल्यावर ज्यांनी गाडी घेतली त्यांना या कारणावरून काही नाही. पुढे २०२३ मध्ये युरोपच्या न्यायालयाने म्हटलं की मुद्दाम फसवलं हे सिद्ध करायची गरज नाही, निष्काळजीपणा असला तरी ग्राहकाला भरपाईचा हक्क हवा, आणि त्यावर जर्मन कोर्टाने २६ जून २०२३ ला किमतीच्या ५ ते १५ टक्के असा पट्टा ठरवून दिला. तो इतर कंपन्यांच्या डिझेल गाड्या घेणाऱ्यांना पण उपयोगी पडला. आठ वर्षं लागली इथपर्यंत यायला.

इंग्लंडमधलं थोडक्यात सांगतो. तिथे ९१,००० लोकांनी मिळून दावा केला, एप्रिल २०२० मध्ये कोर्टाने सॉफ्टवेअर डिफीट डिव्हाइसच आहे असं म्हटलं, आणि मे २०२२ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता १९ कोटी ३० लाख पाउंड देऊन मिटवलं. वाटून बघितलं तर माणशी दोन हजार पाउंडच्या आसपास. जे दाव्यात आलेच नाहीत त्यांना त्यातून काही नाही, आणि असे लोक दावा करणाऱ्यांच्या कितीतरी पट होते.

आणि आपल्याकडे

भारतात एआरएआयने, गाड्या तपासणारी पुण्यातलीच संस्था, गाड्या रस्त्यावर तपासल्या आणि धूर बीएस-४ च्या, म्हणजे तेव्हाच्या आपल्या धुराच्या नियमांच्या, मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाला. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या, त्यात फोक्सवॅगन १,९८,५००, स्कोडा ८८,७०० आणि ऑडी ३६,५००. हा रिकॉल आम्ही आपणहून करतोय असं कंपनीचं म्हणणं, कारण भारतात रस्त्यावरच्या धुराचा नियमच नव्हता, नियम होता तो लॅबमधल्या टेस्टचा, आणि टेस्ट तर पास. विचार करा, टेस्टला फसवणारं सॉफ्टवेअर आणि बचाव काय तर टेस्ट पास आहे.

पुढे प्रकरण गेलं राष्ट्रीय हरित लवादाकडे. नोव्हेंबर २०१८ मध्ये लवादाने १०० कोटी रुपये भरायला सांगितले, मग तज्ज्ञ समितीने दिल्लीतल्या आरोग्याच्या नुकसानीचा आकडा १७१.३४ कोटी काढला, आणि ७ मार्च २०१९ ला लवादाने ५०० कोटींचा दंड लावला. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची वसुली थांबवली. हे ५०० कोटी जाणार होते केंद्रीय प्रदूषण मंडळाकडे, हवेसाठी. ते बरोबरच आहे, हवा सगळ्यांची आहे. पण ज्याने फोक्सवॅगनची व्हेंटो किंवा स्कोडाची रॅपिड घेतली त्याच्या हातात यातला रुपया येत नव्हता, आणि मालकांना सरसकट भरपाई देणारी योजना भारतात आलीच नाही. नंतर ऑडीच्या एका ग्राहकाने उत्तर प्रदेशात एफआयआर केला, कंपनी तो रद्द करायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि २६ नोव्हेंबर २०२० ला न्यायालयाने नकार दिला, म्हणजे लवादात केस चालली म्हणून फौजदारी तपास बंद होत नाही. पण फौजदारी तपासातूनही भरपाई सहसा येत नाही.

मग ग्राहक मंच होता ना? होता, आणि इथेच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. तेव्हा १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होता, त्यात कलम १२(१)(सी) होतं, एकसारखं हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकाने तक्रार करायची, मंचाची परवानगी घेऊन. म्हणजे जर्मनीत जी सोय २०१८ मध्ये आली ती आपल्याकडे कागदावर आधीपासून होती. पण ती वापरली जायची मुख्यतः बिल्डरच्या प्रकरणांत, एकाच प्रोजेक्टमधले फ्लॅटवाले एकत्र यायचे. गाडीवाले पसरलेले, कोण कुठे आहे माहीत नाही, आणि दाव्याची मुदत दोन वर्षं. रिकॉलची बातमी आली, सॉफ्टवेअर टाकून घेतलं, गाडी चालतेय, दोन वर्षं गेली.

एकट्याने जायचं तर आणखी एक अडचण. वस्तूत दोष आहे हे बघून कळत नसेल तर लॅबची तपासणी लागते, आणि तिची फी आधी तक्रारदारानेच भरायची असते. धुराचं ते यंत्र गाडीत बसवून रस्त्यावर फिरवणं हे एका माणसाच्या खिशातलं काम आहे का? म्हणून अशा केसमध्ये सरकारी तपासणीचा अहवाल सोन्यासारखा असतो, एआरएआयचा होता, तो धरून 'अनुचित व्यापारी प्रथा' असा मुद्दा मांडता आला असता. दोष सिद्ध करत बसण्यापेक्षा जाहिरातीत काय म्हटलं आणि गाडीत काय होतं एवढाच वाद राहिला असता, म्हणजे एफटीसीने जे केलं तेच.

२० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा आला. आज असंच काही झालं तर काय वेगळं होईल ते सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २४ जुलै २०२० पासून आहे, ते स्वतःहून चौकशी करू शकतं, वस्तू परत बोलवायला आणि पैसे परत द्यायला सांगू शकतं, खोट्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, आणि ग्राहक आयोगात, म्हणजे आधीच्या ग्राहक मंचात, सगळ्या ग्राहकांच्या वतीने तक्रारही करू शकतं. इतक्या मोठ्या कंपनीला १० लाख म्हणजे काहीच नाही, दंडाच्या त्या आकड्यावर माझा भरवसा नाही, पण पैसे परत करायचा आदेश आणि सगळ्यांच्या वतीने तक्रार हे दोन अधिकार खरे दात आहेत. एकत्र तक्रार आता कलम ३५(१)(सी) मध्ये आहे. तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीच्या गावाला जायला नको. ५० लाखांपर्यंत दिलेली किंमत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे बहुतेक गाड्या यात आल्या, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीच नाही.

एका ठिकाणी मात्र लोक हमखास फसतात. नव्या कायद्यात 'उत्पादन दायित्व' म्हणून पूर्ण प्रकरण आहे, वाचलं की वाटतं आपलीच केस. पण त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येत खुद्द त्या वस्तूचं नुकसान आणि निव्वळ आर्थिक तोटा धरलेला नाही. गाडीने कोणाला इजा केली तर ते प्रकरण लागू, गाडीच खोटी निघाली तर नाही. त्यामुळे डिझेलसारख्या केसमध्ये दोष आणि अनुचित व्यापारी प्रथा याच दारातून आत जायचं, तक्रारीत पहिल्याच पानावर ते स्पष्ट लिहायचं, आणि जाहिरातीची प्रत, ब्रोशर, बुकिंगच्या वेळचे मेसेज जोडायचे, कारण 'हे सांगितलं म्हणून मी घेतली' हे दाखवणारा तोच पुरावा.

आणि कलम ३९ मध्ये एक तरतूद आहे जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. नुकसान खूप ग्राहकांना झालंय पण ते सगळे सापडणं सोपं नाही, असं असेल तर आयोग कंपनीला एकगठ्ठा रक्कम भरायला सांगू शकतो, आणि ती विकलेल्या सदोष मालाच्या किमतीच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी असू शकत नाही. जुन्या कायद्यात हाच आकडा ५ टक्के होता. ३ लाख २३ हजार गाड्या आणि प्रत्येकीच्या किमतीचा पाव हिस्सा, हा गुणाकार करून बघा. फक्त त्यासाठी कोणीतरी आयोगापुढे जावं लागतं, आणि तेही दोन वर्षांच्या आत, कारण ती मुदत नव्या कायद्यातही तशीच आहे, उशिराचं सबळ कारण लेखी दिलं तरच आयोग ती वाढवतो.